खांदेरीचा तंटा : समुद्रावरील हक्काचे एक जुने प्रकरण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत इतिहासावर एक लेख असावा, ही संपादक मंडळींची इच्छा रास्तच आहे. म्हैसूर प्रांती पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला इतिहास म्हटला की शहाजीराजांची बंगळूरची जहागीर आठवते. होदिगेरे येथील त्यांची समाधी, व्यंकोजीराजांची तंजावरची गादी, १७९२ मधील श्रीरंगपट्टणचा वेढा ही प्रकरणे आठवतात. ही सारी प्रकरणे जमिनीवरची आहेत. समुद्र आपल्या आठवणींत फारसा येत नाही, आणि त्यात नवल नाही. सोसल्यासारख्या गावी, कावेरी आणि कपिला यांच्या संगमाशेजारी ज्यांचे घरदार आहे, त्यांना पाणी म्हणजे नदीचेच पाणी.

परंतु हीच कावेरी पुढे तंजावरच्या मराठ्यांच्या जुन्या मुलखातून वाहत जाऊन पुंपुहारपाशी समुद्रास मिळते. तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस गेले म्हणजे पाल्कची सामुद्रधुनी लागते, आणि त्या अरुंद समुद्रात भारत व श्रीलंका यांच्यामधील हद्दीचा प्रश्न आजही धुमसत आहे. गोड्या पाण्याचे तंटे कसे पेटतात हे कावेरीकाठच्या माणसाला निराळे सांगावयास नको. खाऱ्या पाण्याचे तंटे कसे उद्भवतात, ते युद्धापर्यंत कसे जातात आणि कशाने आवरतात, हे मात्र आपल्या इतिहासातील एका प्रकरणावरून फार चांगले समजते. ते प्रकरण म्हणजे १६७९ सालचा खांदेरीचा तंटा होय.

समुद्र कोणाचा?

जमिनीला बांध घालता येतो, समुद्राला घालता येत नाही. म्हणूनच समुद्राचा धनी कोण, हा वाद फार जुना आहे. १४९४ साली तोर्देसिलासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल या दोन राज्यांनी युरोपबाहेरचे जग, समुद्रासकट, कागदावर रेघ ओढून आपसांत वाटून घेतले. पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आले आणि त्यांनी असा दंडक घातला की, त्यांचे ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना घेतल्याशिवाय कोणीही या समुद्रात गलबत हाकारू नये. शतकानुशतके अरबस्तानाशी आणि मलाक्याशी व्यापार करणाऱ्या येथील लोकांना आपल्याच दारातून बाहेर पडण्यासाठी परक्याची चिठ्ठी घ्यावी लागू लागली.

या दंडकाला युरोपातूनच आव्हान मिळाले. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याने १६०९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत समुद्र सर्वांना मोकळा आहे असा सिद्धांत मांडला. त्याला उत्तर म्हणून १६३५ साली जॉन सेल्डन या इंग्रजाने समुद्रावरही राजाची मालकी असू शकते असे प्रतिपादन केले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ग्रोशियसला समुद्र मोकळा हवा होता, कारण डचांना पोर्तुगीजांच्या व्यापारात शिरावयाचे होते. आणि सेल्डनला तो बंद हवा होता, कारण इंग्लंडला आपल्या किनाऱ्याजवळ डच कोळी नको होते. समुद्राच्या कायद्याचा जन्म असा गरजेच्या पोटी झाला आहे.

हे वाद युरोपात चालू असताना कोकणच्या किनाऱ्यावर एक नवी सत्ता उदयास येत होती. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराचा पाया घातला. १६६४ साली मालवणजवळच्या बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः आरमार घेऊन आजच्या उडुपी जिल्ह्यातील बसरूर बंदरावर चालून गेले आणि परतताना गोकर्णास उतरले. कर्नाटकाच्या किनाऱ्याशी मराठी आरमाराचा संबंध इतका जुना आहे.

एक ओसाड खडक

मुंबई बंदराच्या तोंडाशी, दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, अलिबागजवळच्या थळ गावासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. त्यांपैकी उंदेरी किनाऱ्याला जवळ आणि लहान. खांदेरी थोडी मोठी आणि बाहेरच्या अंगाला. सतराव्या शतकात खांदेरीवर झाडी आणि खडक यांखेरीज काही नव्हते. अशा बेटासाठी तीन सत्ता हातघाईवर का याव्यात?

कारण सरळ आहे. खांदेरीवर ज्याची तोफ, त्याच्या नजरेखालून मुंबईत जाणारे-येणारे प्रत्येक गलबत जाणार. मुंबई १६६१ च्या विवाहतहाने पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ साली, वर्षाला दहा पौंड खंडावर, ईस्ट इंडिया कंपनीकडे आली होती. दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचे आरमार म्हणून मिरवीत होता. पावसाळ्यात त्याची जहाजे मुंबईच्या आश्रयास येत आणि पाऊस सरला की मराठी किनाऱ्यावर जाळपोळ करीत. सिद्दी आणि मुंबई यांच्यामधील वाटेवर पाचर मारावयाची तर ती खांदेरीवरच मारली पाहिजे, हे महाराजांनी ओळखले होते. १६७२ च्या सुमारास त्यांनी तेथे बांधकामाचा पहिला प्रयत्न केला. परंतु इंग्रज आणि सिद्दी या दोघांची जहाजे समोर उभी राहताच ते काम थांबविण्यात आले. हेतू मात्र सोडला नव्हता.

१६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरलेला नसताना, मायनाक भंडारी हा दर्यावर्दी सरदार सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. वेळ हेरून निवडलेली होती. समुद्र खवळलेला असेतो मोठ्या जहाजांना बेटाभोवती नांगर टाकून राहणे अवघड. लहान मचव्यांना मात्र थळच्या किनाऱ्यावरून रात्री ये-जा करता येते.

दावे आणि उत्तरे

मुंबईकर इंग्रजांनी तत्काळ हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, खांदेरी ही मुंबई बेटाबरोबर आमच्याकडे आलेली आहे, सबब काम थांबवून बेट खाली करावे. मायनाकाचे उत्तर साध्या चाकराचे होते: धन्याच्या हुकुमाने येथे आलो आहे, धन्याचा हुकूम आल्याशिवाय जाणार नाही. या उत्तरात वाद नाही, पुरावा नाही. पण समुद्रावरच्या हक्काचे मर्म त्यात आहे. ज्या खडकावर कोणाचीच वस्ती नाही त्याच्यावरचा हक्क कागदापेक्षा तेथे उभ्या राहिलेल्या माणसावरून ठरतो.

या दोन्ही पक्षांमध्ये उघड वैर नव्हते. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील नजराणा घेऊन हजर होता आणि त्याच सुमारास दोघांत तहही झाला होता. राजापूर येथे मराठी मुलखात इंग्रजांची वखार होती. म्हणजे हा तंटा दोन मित्र म्हणविणाऱ्यांमधला होता. आणि असे तंटे कधी कधी शत्रूंच्या तंट्यांहून अधिक अवघड असतात.

इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबर १६७९ रोजी लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. त्यात तो स्वतः व त्याचे काही सोबती मारले गेले. पुढे १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या हाताखाली मराठी आरमार नागावच्या बाजूने बाहेर पडले आणि इंग्रजांच्या आठ जहाजांच्या काफिल्यावर चालून गेले. ‘डव्ह’ नावाची इंग्रजी गुराब मराठ्यांनी पकडली. उलट, कॅप्टन मिंचिन आणि कीग्विन यांच्या ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने एकट्याने टिकाव धरला आणि आपल्या तोफांनी मराठ्यांची काही गलबते बुडविली. त्या दिवशी कोण जिंकले, यावर दोन्ही बाजूंनी दावे होऊ शकतील. परंतु लढाईनंतरही रात्रीच्या अंधारात मचवे थळहून खांदेरीस जातच राहिले, दाणागोटा पोहोचतच राहिला आणि तट दिवसेंदिवस उंच होत गेला. उथळ पाण्यात मोठ्या जहाजांचे काही चालेना. खरा निकाल या मचव्यांनी लावला.

वणवा का पेटला नाही?

येथपर्यंतची हकीकत शौर्याची आहे आणि ती आपण अभिमानाने सांगतो. प्रस्तुत लेखकास मात्र यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्या शरदात मुंबईवर जमिनीकडूनही स्वारी होते की काय, अशी धास्ती इंग्रजांस पडली होती, कारण मराठी फौज कल्याण-भिवंडीकडे आली होती. मुंबईचे लष्कर लहान. धान्य आणि जळण समोरच्या किनाऱ्यावरून येणारे. नोव्हेंबरात सिद्दी कासम आपले आरमार घेऊन मोगलांच्या वतीने इंग्रजांच्या मदतीस आला. एका खडकावरून सुरू झालेला तंटा आता मराठे, इंग्रज आणि मोगल अशा तीन सत्तांच्या युद्धाच्या तोंडाशी आला.

तरीही ते युद्ध झाले नाही. इंग्रजांना लवकरच कळून चुकले की, सिद्दी खांदेरी जिंकून आपल्याला देण्यासाठी आलेला नाही. ती त्याला स्वतःलाच हवी आहे. मराठ्यांची खांदेरी परवडली, पण सिद्दीची नको, असा विचार मुंबईत बळावला. सुरतेच्या वरिष्ठांनी खर्चाचा हिशोब मांडून अब्रू सांभाळून अंग काढून घेण्याचा सल्ला दिला. इकडे महाराजांनाही खांदेरी हवी होती, मुंबईचा विध्वंस नको होता. इंग्रजांचा व्यापार आणि त्यांच्याकडून मिळणारा माल उपयोगाचा होता. लढाई चालू असतानाही पत्रांची आणि वकिलांची ये-जा कधी पूर्ण बंद पडली नाही. १६८० च्या आरंभी समेट झाला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. सिद्दीला मुंबईत थारा देताना मराठी मुलखास त्याचा उपद्रव होऊ नये, याची जबाबदारी इंग्रजांनी पत्करली.

सिद्दीने मात्र जानेवारी १६८० मध्ये शेजारची उंदेरी व्यापून तेथे आपल्या तोफा चढविल्या. दौलतखानाने तिच्यावर हल्ला केला, तो फसला आणि तो स्वतः जखमी झाला. समोरासमोरची दोन बेटे दोन वैऱ्यांच्या हाती गेली आणि त्यांच्या तोफा एकमेकींकडे तोंड करून राहिल्या. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. खांदेरी हा त्यांच्या आरमारी धोरणाचा शेवटचा विजय ठरला. काय हवे आणि काय नको याची स्पष्ट जाण असल्यामुळे, आणि समोरच्याला माघारीची वाट मोकळी ठेवल्यामुळे, तो मिळाला.

दस्तक आणि ‘चाचा’

पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात हक्काचा हा प्रश्न खडकावरून पाण्यावर आला. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आमचे दस्तक घ्यावे, अशी कान्होजींची मागणी होती. पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करीत आले होते; इंग्रजही आपल्या छत्राखालच्या व्यापाऱ्यांना परवाने देत होते. परंतु हेच काम मराठ्याने करताच त्यास इंग्रजी कागदांत ‘चाचा’ असे नाव मिळाले. परवाना देणारा राजा आणि परवाना मागणारा चाचा, हा भेद कायद्याचा नसून सत्तेचा होता.

१७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर मोहीम काढली, ती फसली. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. तीही निष्फळ ठरली. १७२९ मध्ये कान्होजी वारले, तोपर्यंत हा किनारा कोणाही परक्याला निर्वेध मिळाला नाही.

कान्होजींच्या मागे भाऊबंदकी माजली. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर विकोपास गेले आणि १७५५ साली नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी करार केला. सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. आंग्र्यांचे आरमार बंदरात नांगरलेले असताना आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. किल्ल्यात मिळालेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांतच वाटून घेतली. किल्ला पेशव्यांच्या हाती येण्यास ऑक्टोबर उजाडला आणि त्याच्या मोबदल्यात बाणकोट व काही गावे द्यावी लागली. चाळीस वर्षांपूर्वी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांना समुद्रकिनारी पाय रोवू न देण्याचा इशारा देऊन ठेवला होता. घरच्या तंट्यात तिसऱ्याला बोलावण्याची ही किंमत होती. १६७९ साली इंग्रजांनी सिद्दीचा डाव वेळीच ओळखला आणि हात आवरला. १७५६ साली आपल्याला इंग्रजांचा डाव ओळखता आला नाही.

आजचे समुद्र

आज समुद्राचा कायदा बराच पुढे गेला आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारनाम्याने किनाऱ्यापासून बारा सागरी मैल हा देशाचा प्रादेशिक समुद्र आणि दोनशे सागरी मैलांपर्यंत मासळी, तेल, खनिजे यांचा अनन्य हक्क ठरवून दिला. भारताने हा करारनामा १९९५ साली मान्य केला. त्यात एक कलम असे आहे की, ज्या खडकावर माणसाची वस्ती किंवा स्वतःचा आर्थिक व्यवहार टिकू शकत नाही, त्याच्यामुळे दोनशे मैलांचा हक्क मिळत नाही. मायनाक भंडाऱ्याच्या तटाला जणू हे तीनशे वर्षांनी दिलेले उत्तर होय. तरीही दक्षिण चिनी समुद्रात खडकांवर भर घालून धावपट्ट्या बांधल्या गेल्याच. २०१६ साली लवाद न्यायाधिकरणाने चीनचे ऐतिहासिक हक्काचे म्हणणे फेटाळले आणि चीनने तो निवाडा मानण्यास नकार दिला.

आपल्या दाराशीही असे प्रश्न आहेत. कच्छ आणि सिंध यांच्यामधील सर क्रीकच्या खाडीत हद्द कोठून धरावयाची, याबद्दल १९१४ च्या एका ठरावाचा अर्थ भारत आणि पाकिस्तान निरनिराळा लावतात. ऑगस्ट १९९९ मध्ये याच परिसरात पाकिस्तानी नौदलाचे एक विमान भारतीय हवाई दलाने पाडले आणि त्यातील सोळा माणसे दगावली. कारगिलनंतर लगेचच पुन्हा युद्धाची छाया पडली. या पाण्यातील ओढाताणीचा भार मात्र सैनिकांहून कोळ्यांवर अधिक पडतो. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारी आपल्या पालघर जिल्ह्यातील मराठी माणसे पाकिस्तानी तुरुंगांत वर्षानुवर्षे अडकून पडली आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी सागरी दलाच्या गोळीबारात त्यांच्यापैकी एकाचा जीव गेला. मासळीला हद्द कळत नाही, आणि तिच्यामागे जाणाऱ्या गरिबालाही ती पाण्यावर रेखलेली दिसत नाही.

पाल्कच्या सामुद्रधुनीतील कच्चातिवू हे बेट १९७४ च्या कराराने श्रीलंकेच्या बाजूस गेले. तेथील संत अँथनीच्या यात्रेस आजही रामेश्वरकडचे कोळी जातात. परंतु मासळीसाठी गेले तर पकडले जातात. कावेरीचे पाणी जेथे समुद्रात मिसळते तेथून हे दुःख फार दूर नाही.

या सगळ्यांत आशेचे एक उदाहरण आहे. १९७० च्या चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात, हरियाभंगा नदीच्या मुखाशी, वाळूचे एक बेट वर आले. भारताने त्यास न्यू मूर म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. १९८१ साली दोन्ही देशांची जहाजे तेथे समोरासमोर आली होती. पुढे बांगलादेशाने तंटा लवादाकडे नेला. २०१४ साली निवाडा झाला, वादातील समुद्राचा मोठा भाग बांगलादेशास मिळाला, आणि भारताने तो निवाडा मानला. बेट तोपर्यंत पाण्याखाली गेले होते. ज्याच्यासाठी तोफा डागल्या गेल्या असत्या, ते समुद्रानेच परत नेले.

आज खांदेरी बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. १८६७ साली बांधलेला दीपस्तंभ तेथे उभा आहे. वेताळाचे देऊळ आहे आणि कोळी मंडळी तेथे श्रद्धेने जातात. भारतीय नौदलाने आपल्या दोन पाणबुड्यांना, १९६८ आणि २०१९ साली, ‘खांदेरी’ हे नाव दिले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात समाविष्ट केले, त्यांत खांदेरी आहे. जो दिवा तेथे रात्री लागतो तो आता कोणा एकाचा नाही. मुंबईत शिरणाऱ्या कोणत्याही देशाच्या जहाजाला तो सारखाच वाट दाखवितो.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. मुलांना मराठ्यांचा इतिहास सांगताना आपण तलवारीचा आणि तोफेचा भाग आवर्जून सांगतो, आणि तो सांगावाच. परंतु त्याबरोबर हेही सांगावे की खांदेरी ज्यांनी घेतली त्यांना कोठे थांबावयाचे हेही ठाऊक होते. आणि ज्या दिवशी आपण हे विसरलो, त्या दिवशी विजयदुर्गाच्या बंदरात आपले आरमार जळाले.